घास अडकण्याआधीच

संक्रांत ते रथसप्तमी हे बोरन्हाणाचे दिवस. लहान मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या आणि अलीकडे रंगीत गोळ्या-चॉकलेटे ओतायची. जमलेली पोरे जमिनीवरून ती वेचतात आणि तिथेच तोंडात टाकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञाने ही यादी वाचली तर त्याला दुसरीच एक यादी आठवते. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंची ती यादी असते: शेंगदाणा, हरभरा, मटार, चिंचोका, सीताफळाची बी, खोबऱ्याचा तुकडा, सुपारीचे खांड. या दोन याद्या एकमेकींच्या फार जवळ आहेत.

बोरन्हाण बंद करावे असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. घशात घास अडकून लहान मूल किंवा घरातले म्हातारे माणूस गेले की त्याला ‘अपघात’ म्हटले जाते, पुढे ‘नशीब’ म्हटले जाते आणि विषय संपतो. पण अपघात तरी अनपेक्षित असतो. इथे वस्तू ठरलेल्या आहेत, वय ठरलेले आहे, प्रसंगही बहुतेक ठरलेले आहेत. जे इतके ठरलेले आहे ते टाळताही आले पाहिजे. तसे टाळण्याची व्यवस्था घरात, बाजारात आणि सरकारी आरोग्यसेवेत अजून पुरती उभी राहिलेली नाही, ही खरी तक्रार आहे.

नळी एवढीशी, दाढा उशिरा

घशात अन्नाचा आणि हवेचा रस्ता एकच असतो. खाली जाऊन तो फुटतो. पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि श्वासनलिका, मागच्या बाजूला अन्ननलिका. गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावर झाकण येते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सगळे सेकंदाभरात उरकते. मूल हसत, रडत, पळत किंवा बोलत असेल तर नेमक्या त्याच क्षणी श्वास आत ओढला जातो आणि घास चुकीच्या वाटेला लागतो.

मोठ्या माणसाला ठसका लागला तर तो जोरात खोकतो आणि कण बाहेर पडतो. दोन वर्षांच्या मुलाची अडचण तिहेरी असते. त्याला पुढचे दात आलेले असतात, त्यामुळे तो तुकडा तोडू शकतो. पण तो दळायला लागणाऱ्या दाढा उशिरा येतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास, दुसऱ्या दाढा अडीच वर्षांच्या आसपास. त्यानंतरही नीट चावून खाण्याची सवय पक्की व्हायला चौथे वर्ष उजाडते. दुसरी अडचण नळीची. लहान मुलाची श्वासनलिका ढोबळमानाने त्याच्याच करंगळीएवढी असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो सोळा पटींनी वाढतो. तिसरी अडचण खोकल्याची. छातीचे स्नायू कोवळे असल्याने खोकल्याचा जोर कमी पडतो.

अडकणाऱ्या पदार्थांचेही गुण ठरलेले आहेत. गोल किंवा लांबट, गुळगुळीत, आणि नळीचा आकार घेऊन ती बुचासारखी बंद करणारे. अख्खे द्राक्ष, सॉसेजचा गोल काप, जेली, कडक गोळी हे त्यातले. शेंगदाण्याचे आणखी एक आहे. आत गेल्यावर तो ओलाव्याने फुगतो आणि त्यातल्या तेलाने श्वासनलिकेच्या अस्तराला सूज येते. पहिल्या दिवशी अर्धवट असलेला अडथळा चार दिवसांनी पूर्ण होऊ शकतो.

जगात इतरत्र यावर सरकारे आणि डॉक्टरांच्या संघटना स्पष्ट बोलल्या आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये एक धोरणपत्र काढले. खेळण्यांवर धोक्याची सूचना सक्तीची असते, मग तितक्याच धोकादायक खाद्यपदार्थांवर का नाही, असा प्रश्न तिने विचारला. मुलांचा जीव घेणाऱ्या पदार्थांत वरच्या क्रमांकावर असलेल्या हॉट डॉगचा आकारच बदलावा, असेही सुचवले. जपानमध्ये नव्या वर्षाला मोची नावाची तांदळाची चिवट वडी खातात. ती अडकून दरवर्षी वृद्ध दगावतात, म्हणून टोकियोचे अग्निशमन दल त्या दिवसांत लोकांना सावध करते. त्याच देशाच्या ग्राहक व्यवहार संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये आणखी एक सूचना दिली: पाच वर्षे आणि त्याखालील मुलांना कडक दाणे आणि सुकामेवा देऊच नये. ही सूचना आली ती दाणे उधळण्याच्या त्यांच्या पारंपरिक सणाच्या तोंडावर. सण तिथेही चालूच आहे.

कूट हाच उपाय

आपल्याकडे या सल्ल्यावर पहिली हरकत येते ती पोषणाची. शेंगदाणा आणि हरभरा ही गरिबाघरची प्रथिने. कुपोषणाशी झगडणाऱ्या महाराष्ट्रात मुलांना दाणे देऊ नका असे सांगायचे तरी कसे? हरकत रास्त आहे आणि तिचे उत्तर मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या आहे. ते म्हणजे दाण्याचे कूट. मऊ भातात, भाजीत, आमटीत, दुधात कालवलेले बारीक कूट सहा-सात महिन्यांच्या बाळालाही चालते. डाळ्याचे पीठ, भाजक्या हरभऱ्याचे पीठ, बदामाची पूड यांचेही तसेच. बंदी अख्ख्या दाण्यावर आहे, दाण्याच्या पोषणावर नाही. फक्त कूट कोरडे चमच्याने तोंडात टाकू नये आणि मिक्सरमध्ये राहिलेले अर्धे दाणे चाळून घ्यावेत.

बाकीची यादीही लांबलचक नाही. द्राक्षे आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार भाग करावेत. गाजर, सफरचंद, काकडी किसून किंवा वाफवून द्यावी. खोबऱ्याचा तुकडा देण्याऐवजी खोबरे किसून द्यावे. बोर, सीताफळ, खजूर, जांभूळ, लिची यांच्या बिया काढून नुसता गर द्यावा. चिक्की, कडक गोळ्या, फुटाणे, लाह्या, पॉपकॉर्न, सुपारी, बडीशेप या गोष्टी चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती नकोत. उसाचा करवाही नको, कारण त्याचा चोथा थुंकायचा असतो हे त्या वयाला कळत नाही. बोरन्हाणात फुलांच्या पाकळ्या आणि मोठ्या आकाराची खेळणी ओतावीत. शेंगा, बोरे, गोळ्या बंद पुडीत घालून पालकांच्या हाती द्याव्यात. हळदीकुंकवाच्या ओटीतले भिजलेले हरभरे घरी आल्यावर आधी वर ठेवावेत. इतके केले तरी सणाचा आनंद कणभर कमी होत नाही.

दुसरी हरकत अधिक ऐकू येते. ‘आमची पिढी शेंगदाणे खाऊनच मोठी झाली, कोणाला काय झाले?’ हे म्हणणारे सगळे सुखरूप मोठे झालेले असतात. ज्यांना काही झाले ते हे सांगायला बसलेले नसतात. शिवाय त्या काळी एखादे मूल ‘धाप लागून’ किंवा ‘छाती भरून’ गेले असे म्हटले जाई, तेव्हा आत दाणा होता की नव्हता हे कोण पाहणार होते?

खाऊ घालण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. मूल बसलेले असावे, पळणारे नसावे. मोटारीच्या मागच्या सीटवर, दुचाकीच्या टाकीवर, झोपेला आल्यावर खाऊ नको. मोबाईल दाखवून घास कोंबणे ही आजची नवी रीत आहे. मुलाचे लक्ष पडद्यावर असते, तोंडातला घास तसाच गालात राहतो आणि पुढच्या हसण्यासरशी आत ओढला जातो. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून औषध पाजणे, बाळाला मांडीवर आडवे टाकून बोंडल्याने दूध किंवा एरंडेल ओतणे, नाकात तेलाचे थेंब सोडणे या जुन्या रीतीही अजून गेलेल्या नाहीत. तेल फुप्फुसात गेले तर खोकलाही नीट येत नाही आणि बरा व्हायला अवघड असा न्युमोनिया होतो. आजीचे प्रेम खरे असते. तिला हे कोणी समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

खाण्याबाहेरच्या वस्तू

नवव्या महिन्याच्या आसपास मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलू लागते. रांगणेही त्याच सुमारास सुरू झालेले असते. तेव्हापासून जमिनीवरची प्रत्येक वस्तू त्याच्या तोंडात जाणार हे गृहीत धरावे. कोणती वस्तू धोक्याची, याचे मोजमापही उपलब्ध आहे. खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोकादायक. घरात हे नळकांडे नसते, पण साधारण तेवढा अंदाज कोणालाही घेता येतो.

भारतात २०२० च्या खेळणी गुणवत्ता आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हा नियम चांगला आहे. पण जत्रेतली पिपाणी, आठवडी बाजारातली शिट्टीची बाहुली, सिग्नलवर विकला जाणारा चमकणारा भोवरा यांना चिन्ह कोण विचारतो? दाबल्यावर वाजणाऱ्या खेळण्यातली इवलीशी शिट्टी आणि दिव्याच्या खेळण्यातला बारीक एलईडी बल्ब दोन्ही श्वासनलिकेत बरोबर बसतात. वाढदिवसाचा फुगा निरुपद्रवी वाटतो. फुटल्यावर त्याचा तुकडा स्वरयंत्रावर चिकटला की खोकून निघत नाही. शाळकरी मुले पेनाचे टोपण तोंडात धरतात. टोपणाला वर भोक ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठीच आला, म्हणजे अडकलेच तर थोडी तरी हवा जावी. साडीच्या पिना ओठांत धरून बोलण्याची सवय मोठ्यांनाही महागात पडते.

बटनाच्या आकाराच्या बॅटरीचे वेगळे सांगावे लागेल. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतले अस्तर जाळू लागते. मूल बरे दिसत असले तरी तासाभराचाही उशीर करू नये. रिमोट, घड्याळ, वजनकाटा यांची बॅटरीची झाकणे स्क्रूची असावीत किंवा चिकटपट्टीने बंद करावीत.

‘दाणे खाल्ले होते’ हे कोणी सांगतच नाही

दाणा आत गेल्यावर पहिली काही मिनिटे प्रचंड ठसका, गुदमर, डोळ्यांत पाणी. मग दाणा खाली सरकून फुप्फुसाच्या एका शाखेत बसतो आणि मूल शांत होते. घरच्यांना वाटते, गेले संकट. खरे संकट इथून सुरू होते. दिवसांनी खोकला सुरू होतो, छातीतून शीळ वाजते, ताप येतो. मुलावर बालदम्याचे, कधी न्युमोनियाचे, कधी क्षयाचे उपचार चालू राहतात. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीला छातीचा फोटोही साफ असू शकतो. एकच न्युमोनिया एकाच बाजूला पुन:पुन्हा होत असेल तर हा संशय यायलाच हवा.

या निदानाची सर्वांत मोठी खूण मशीनमध्ये नसते, ती कुटुंबाच्या आठवणीत असते. ‘महिन्याभरापूर्वी खाताना जोरात ठसका लागला होता’ हे एक वाक्य मुलाला दुर्बिणीच्या टेबलापर्यंत पोहोचवते. आणि नेमके हेच वाक्य दडवले जाते. दाणे आजोबांनी दिलेले असतात. किंवा पाच वर्षांच्या ताईने प्रेमाने बाळाच्या तोंडात फुटाणा घातलेला असतो. किंवा आई दोन मिनिटे गॅसपाशी गेलेली असते आणि तिला ठाऊक असते की हे कळले तर सासरचे सगळे तिच्यावर तुटून पडतील. मूल गमावलेल्या घरात तर बाईला हा दोष आयुष्यभर चिकटतो.

दोष देण्याने एकही मूल वाचत नाही. उलट माहिती दडते आणि उपचाराला उशीर होतो. डॉक्टरांनीही प्रश्न विचारण्याची पद्धत बदलायला हवी. ‘काय खायला घातले होते?’ या प्रश्नात आरोप असतो. ‘गेल्या काही आठवड्यांत खाताना किंवा खेळताना अचानक ठसका लागला होता का?’ असे विचारले, शक्यतो आईला एकटीला विचारले, तर खरे उत्तर मिळते. उत्तर ‘हो’ आले तर फोटो साफ असला तरी मुलाला पुढे पाठवायला हवे.

श्वासनलिकेतून वस्तू काढण्याचे तंत्र जुने आहे. जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वसनमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा दुर्बिणीने काढला. अमेरिकेतील डॉ. शेव्हेलिए जॅक्सन यांनी हे शास्त्र नावारूपाला आणले. त्यांनी रुग्णांच्या घशांतून आणि छातींतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात खणांत मांडून ठेवलेल्या आहेत. म्हणजे सव्वाशे वर्षे हा उपाय ठाऊक आहे. तरीही आज मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या मुलाला तो मिळेल का, हे अंतरावर, रस्त्यावर आणि लहान मुलांना भूल देणारा तज्ज्ञ त्या दिवशी हजर आहे की नाही यावर ठरते.

म्हातारपणी पाणीही अडते

लहान मुलांबद्दल निदान बोलले तरी जाते. घरातल्या वृद्धांचा, लकवा झालेल्यांचा, कंपवाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा ठसका मात्र ‘वयाने होतेच’ म्हणून सोडून दिला जातो. वयाबरोबर दात जातात, कवळी सैल होते, औषधांनी तोंड कोरडे पडते, गिळण्याची क्रिया मंदावते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास असतो. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही गिळणे बिघडते आणि असे रुग्ण अनेकदा भराभर घास घेतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे वय वाढले तरी धोका कमी होत नाही. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या आणि किरणोपचार घेतलेल्या रुग्णांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, त्यांच्याही घशाचे स्नायू आखडतात.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. पातळ ते सोपे, असे सगळ्यांना वाटते. गिळण्याचा त्रास असलेल्याला अनेकदा पाणी आणि चहाच सर्वांत अवघड जातो, कारण पातळ पदार्थ वेगाने घशात उतरतो आणि स्वरयंत्र मिटायच्या आत तिथे पोहोचतो. भात आणि पातळ वरण, चहात बुडवलेले बिस्कीट, ताकात कुस्करलेली भाकरी यांत घट्ट आणि पातळ एकत्र असते. ते आणखी कठीण. अशांना एकसारखा, मऊ, दाटसर घास बरा: आसट खिचडी, दाट पेज, घोटलेली भाजी, शिरा. आंतरराष्ट्रीय पातळीवर अन्नाच्या मऊपणाचे आणि दाटपणाचे ० ते ७ असे टप्पे ठरवलेले आहेत. त्यातल्या बारीक-ओलसर अन्नाचा कण मोठ्यांसाठी ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे काट्याच्या चमच्याच्या दोन दातांमधल्या फटीत बसेल इतका. पाणी दाट करून द्यायचे की नाही, किती दाट, हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञाने ठरवावे, कारण दाट पाणी प्यायला नकोसे वाटते आणि शरीरातले पाणी कमी होते.

बाकी गोष्टी घरच्यांच्या हातातल्या आहेत. जेवताना रुग्ण सरळ बसलेला असावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसाच राहावा. हनुवटी किंचित खाली. घास लहान, चमचा लहान. आधीचा घास गिळला हे पाहून पुढचा. टीव्ही बंद. कवळी बसत नसेल तर दंतवैद्याकडे. रात्री ती काढून ठेवावी. गोळ्या पाकिटातून सोडवूनच द्याव्यात, कारण पाकिटासकट गोळी गिळणारे रुग्ण खरोखर असतात. जेवल्यावर आवाज घोगरा किंवा ओलसर येत असेल, वरचेवर ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर ठसका लागत नसला तरी अन्न फुप्फुसात जात असू शकते. आणि झीट आलेल्या, फेफरे आलेल्या किंवा शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे.

सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात रुग्णाला भरवण्याचे काम नातेवाईक करतात. पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की दुपारी मुलगा चहा आणतो आणि आडवे झोपलेल्या बापाच्या तोंडात तो चमच्याने सोडतो. त्याला कोणी अडवत नाही, कारण सांगायला कोणी मोकळे नसते. गिळण्याची प्राथमिक चाचणी परिचारिका खाटेपाशी करू शकते. ती होईपर्यंत ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी मोठ्या मराठी अक्षरांतली पाटी खाटेला लावणे याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. न्युमोनियाचे किती रुग्ण त्याने वाचतील!

अडकलेच तर

मूल किंवा मोठा माणूस खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर हवा जात आहे. त्याला खोकू द्यावे. पाठीत गुद्दे नकोत, उलटे टांगणे नको, पाणी नको, घशात बोट घालणे तर नकोच. टाळूवर थापटून ‘वर बघ’ म्हणण्याचीही रीत आहे, पण मान वर केल्याने श्वासमार्ग अधिकच उघडा पडतो.

आवाज बंद, खोकला बंद, हात गळ्याशी, ओठ काळेनिळे असे दिसले तर मात्र क्षणही दवडू नये, कारण प्राणवायूविना मेंदू चार-सहा मिनिटेच तग धरतो. कोणालातरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगावे आणि तिथेच सुरुवात करावी. एक वर्षाखालचे बाळ असेल तर त्याला हाताच्या पुढच्या भागावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार देऊन धरावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मनगटाकडील भागाने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली पाच वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे. बाळाचे पोट दाबू नये. एक वर्षावरील मुलाला किंवा मोठ्याला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग मागे उभे राहून बेंबी आणि छातीचे हाड यांच्या मध्ये मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर असा झटका द्यावा. गरोदर स्त्री आणि फार स्थूल व्यक्ती यांना पोटाऐवजी छातीवर दाब द्यावा. वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढावी. शुद्ध हरपली तर कठीण जमिनीवर आडवे करून छातीवर दाब देण्यास, म्हणजे सीपीआरला, सुरुवात करावी. पोटावर दाब दिलेल्या प्रत्येकाला नंतर डॉक्टरांना दाखवावे.

पोटावर दाब देण्याची पद्धत डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. पाठीवर थापा द्याव्यात की नाही यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२५ च्या सूचनांत मुले आणि मोठ्यांसाठी पाच थापा आणि पाच दाब यांचा क्रम स्वीकारला आहे. हे सगळे मोबाईलवर पाहून कळते, पण जमत नाही. पुतळ्यावर एकदा हाताने केलेले असले तरच त्या दोन मिनिटांत हात चालतात.

एका मिनिटाचे काम

सरकारने नवी योजना काढण्याची गरज नाही, चालू असलेल्या योजनांत ही गोष्ट पक्की बसवायला हवी. बाळ नऊ महिन्यांचे झाले की गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आई केंद्रावर येतेच. चिमटीत वस्तू उचलण्याचे आणि घन आहाराचे वय तेच. त्या दिवशी एक मिनिट आईशी, आणि सोबत आलेल्या आजीशी, दाणे, बिया, फुगा आणि बॅटरीबद्दल बोलणे हे लसीइतकेच ठरलेले काम व्हावे. २०१८ पासून आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट देते. त्या भेटींत ‘कूट द्या, दाणा नको’ हे शब्द प्रत्येक घरात उच्चारले जावेत. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायका यांना वर्षातून एकदा पुतळ्यावर सराव द्यावा. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांची दुर्बीण, ती वापरणारा हात आणि भूल देणारा तज्ज्ञ अशी तिन्ही एकत्र मिळण्याची सोय असावी. जिथे ती नाही तिथून मुलाला कुठे पाठवायचे हे आधीच ठरलेले असावे, रात्री दोन वाजता फोन फिरवण्याची वेळ येऊ नये. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर चार वर्षांखालच्या मुलांसाठीची सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत सक्तीची व्हावी.

यातले काहीही महाग नाही. महाग आहे ती गुदमरल्यानंतरची धावाधाव, अतिदक्षता विभागातले दिवस आणि मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने आयुष्यभर अंथरुणाला खिळलेले मूल सांभाळणारे घर. नऊ महिन्यांच्या लसीच्या रांगेत पुढच्या आठवड्यातही आया उभ्या असतील. सुरुवात तिथून करता येईल.